चौऱ्याऐंशी वेढे

एकावन्नाव्या वेढ्याला मोबाईल वाजला आणि माझा आकडा चुकला. तसा माझा आकडा चुकत नाही. नगरच्या सावेडीतल्या या दहा बाय बाराच्या गाळ्यात मी चोवीस वर्षं जळालेल्या मोटारी भरतोय. हातानं फिरवायच्या यंत्रावर तांब्याची तार गुंडाळायची, ठरलेले वेढे झाले की कॉईल उतरवायची, दुसरी घ्यायची. यंत्राला वेढे मोजायचा काटा असतो. माझा केव्हाच मोडून पडला आणि मी नवा आणला नाही, कारण मी तोंडानं मोजतो. एक, दोन, तीन असं नव्हे. गेली चार वर्षं मी इटालियन क्रियापदांवर मोजतो. आमो, आमी, आमा, आमियामो, आमाते, आमानो. मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो, आम्ही, तुम्ही, ते. झाले सहा वेढे. मग ‘करत असे’चे सहा, ‘केलं’चे सहा, ‘करीन’चे सहा. असे त्या भाषेत एका क्रियापदाचे चौदा तक्ते भरतात आणि चौदा सक चौऱ्याऐंशी. पाच हॉर्सपॉवरच्या ज्या मोटारी माझ्याकडे नेहमी येतात, त्यांच्या कॉईलला बरोबर चौऱ्याऐंशी वेढे लागतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी भर दुपारी शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो. मला वाटलं, देवानं हे माझ्यासाठीच योजून ठेवलंय. आता वाटतं, देवाला एवढीच कामं नसावीत.

नंबर इटलीचा होता. एका हाताचा अंगठा तारेवर तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं मेसेज उघडला. तार सैल पडली की कॉईल बिघडते, हे हाताला माझ्याआधी कळतं. मेसेज इटालियनमध्ये होता आणि मी तो लहान पोरासारखा बोट ठेवून ठेवून वाचला. नमस्कार, मी मार्ता. तुम्ही पत्र पाठवलंत त्या इदाची मी नात. पत्र पोचलं, मी दोनदा वाचलं. आजीला वाचून दाखवलेलं नाही. ती त्र्याण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते, आम्हाला कुणालाच ओळखत नाही. मला रोज नव्या नावानं हाक मारते. पण रॉबिनची चौकशी रोज करते. त्याचा लाल स्वेटरमधला फोटो तिच्या पलंगाशेजारी आहे. आज रविवार, मी तिच्याकडे चालले आहे. तुमच्याकडच्या साडेचार वाजता फोन लावू का? तुम्हाला जे सांगायचंय ते तिला सांगायचा तुम्हाला हक्क आहे, मी अडवणार नाही. पण तिला रॉबिनच हवाय. एवढंच. मी ‘लावा’ म्हणून उत्तर पाठवलं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. रॉबिन चक्रनारायण छत्तीस वर्षांपूर्वी मेला. लाल स्वेटरच्या त्या फोटोत मी आहे.

बाहेरच्या बाकावर कानिफनाथ बसला होता. पाथर्डीकडचा बागाईतदार, संत्र्याची बाग आहे, सकाळी टेम्पोत मोटार टाकून आला तो मोटार घेऊनच जाणार म्हणून हटून बसलेला. रविवारी मी दुकान उघडत नाही, चर्चमध्ये मिस्सा करून घरी जेवतो आणि झोपतो. पण बाग तापलीय म्हणाला, म्हणून उघडलं. त्यानं आत डोकावून विचारलं, "काय मिस्तरी, घोडं कुठं अडलं?" मी म्हटलं, "मोजनी चुकली." "मग आता?" "आता सगळी तार उलगडायची आन् पहिल्यापास्नं." तो हसला. "म्हंजी चौऱ्याऐंशीचा फेराच की वो. सुटका न्हाई मानसाची." त्याला वेढे किती ते मघाशी मीच सांगितलं होतं. चौऱ्याऐंशी लक्ष जन्मांची ती गोष्ट आमच्यात नाही, आम्हाला जन्म एकच. त्या एका जन्मात मी दोन नावं वापरली आणि दोन्ही नीट पेलली नाहीत.

आमचं बोर्डिंग प्रवरेच्या पाटाकाठी होतं. नाव सांगत नाही, आता तिथं काही उरलेलंही नाही. त्या काळी प्रत्येक पोराला परदेशातली एकेक आई नाहीतर बाप नेमून दिलेला असे. कुणाला जर्मनीचा, कुणाला इटलीची. त्यांच्या आधारावर पोराचं जेवणखाण चालायचं आणि बदल्यात पोरानं वर्षातनं दोनदा पत्र लिहायचं, एकदा नाताळला, एकदा पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला. पत्र म्हणजे काय, तर पुंजाराम मास्तर फळ्यावर लिहायचे आणि पोरं उतरवून काढायची. मास्तर बोर्डिंगचे रखवालदार, भांडारी, आई, बाप सगळं काही होते. रोमला राहून आलेल्या फादरांनी त्यांना इटालियन मजकूर एकदाच लिहून दिलेला, तोच दर वर्षी फळ्यावर यायचा. कारा मम्मा इदा, इओ स्तो बेने, इओ स्तुदियो, इओ जोको, इओ प्रेगो पेर ते. लाडक्या आई, मी बरा आहे, मी अभ्यास करतो, मी खेळतो, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो. यातला एक शब्दही आम्हाला कळत नसे. आम्ही अक्षरं काढायचो, रांगोळी काढतात तशी. मी ‘आम्ही’ म्हणतोय खरा, पण सुरुवातीला मला आईच नव्हती. म्हणजे गावी नव्हतीच, मला जन्म देऊन गेली, पण इटलीतही नव्हती. मला कुणी पसंतच केलं नव्हतं. पोरं पत्रं लिहीत असताना मी मागं बसून पाकिटांना डिंक लावायचो. आणि पाचवीच्या त्या दिवाळीनंतर मास्तरांनी मला सांगून टाकलं होतं की नाताळापर्यंत राहा बाबा, मग बापाला बोलावून घेतो.

रॉबिनला इदा होती. तो माझ्या शेजारच्या गादीवर झोपायचा, झोपेत दात खायचा, आणि पोहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नोव्हेंबरातली गोष्ट. भंडारदऱ्याच्या धरणातनं पाण्याचं आवर्तन सुटलं होतं आणि पाट काठोकाठ भरून चालला होता. आम्ही सात-आठ पोरं धुणं धुवायला गेलो होतो. रॉबिनचं सगळं उरकलं होतं, डोकं पुसून कोरडा होऊन तो काठावर बसला होता. माझ्या हातातनं माझा शाळेचा शर्ट सुटला. एकच होता. मी रॉबिनकडे बघून म्हणालो, "मार उडी." दोन शब्द. दिवसातनं शंभर वेळा आम्ही एकमेकांना म्हणायचो ते. तो हसला, हसल्याचं मला पक्कं आठवतं, कारण त्याचा वरचा एक दात अर्धा होता. आणि त्यानं उडी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटाच्या खालच्या दारापाशी सापडला. शर्ट काही सापडला नाही. सगळे धरून चालले की पाय घसरला. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याची आई कोपरगावहून आली, तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि टेम्पोतनं घेऊन गेली. टेम्पो वळेपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं, मग पाटाचंच पाणी वाजायला लागलं.

महिन्यानं इटलीहून पार्सल आलं. मास्तरांनी ते आमच्यासमोर उघडलं. आत चॉकलेटं आणि हातानं विणलेला लाल स्वेटर. त्यावर चिठ्ठी, रॉबिनसाठी. मास्तर स्वेटर हातात घेऊन किती तरी वेळ उभे राहिले. मग मला हाक मारली. "यशया, हिकडं ये. घालून बघ बसतो का." मी म्हटलं, "मास्तर, त्यो रॉबिनचा हाय." ते म्हणाले, "व्हय रं. पन बाईला काय लिव्हायचं? तिनं येक लेकरू मागितलं, आपन दिलं. आता मेलं म्हनून कसं कळवावं? आन् तुला तरी कुठं धाडू?" मास्तर वाईट नव्हते हो. त्यांनी एका झटक्यात बाईचं लेकरू वाचवलं आणि माझी जागा वाचवली. असला हिशोब साध्या माणसालाच सुचतो. चर्चच्या पायरीवर माझा फोटो काढला. मास्तर म्हणाले, "जरा खाली बघ, म्हंजी तोंड निराळं वाटनार न्हाई." मी खाली बघितलं. स्वेटर मला थोडा मोठा होत होता, कारण रॉबिन माझ्यापेक्षा अंगानं भरलेला होता, आणि त्या बाईनं तो मागल्या फोटोवरनं अंदाज बांधून विणला होता. नाताळच्या पत्राखाली मराठीत सही करताना माझ्या हातानं ‘य’ काढला. मास्तरांनी खोडरबरानं खोडला आणि माझा हात धरून ‘र’ गिरवून घेतला.

पुढं सहा वर्षं मी रॉबिन होतो, वर्षातनं दोनदा. इदाच्या लेखी रॉबिन दहावी पास झाला, तिनं अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. तिची पत्रं फादर वाचून सांगत. स्वेटर बसतो का? थंडी फार आहे का? मी तुझ्यासाठी रोज मेणबत्ती लावते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे भारत आहे असं मी समजते. हे ऐकताना मी फादरांच्या तोंडाकडे बघत नसे. एक तर ते माझ्यासाठी नव्हतं. आणि दुसरं असं की मला ते माझ्यासाठीच हवं होतं. जगात मला थंडी वाजते का म्हणून विचारणारं एकच माणूस होतं आणि ते मला दुसऱ्या नावानं विचारत होतं. मी तिच्यावर जीव टाकला. फळ्यावरचं ते ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ मी खरं करून टाकलं, रोज रात्री गुडघे टेकून. रॉबिनसाठी मात्र मी प्रार्थना केली नाही. भीती वाटायची, तो ऐकेल.

मग बोर्डिंग सुटलं, पत्रं सुटली, मी मोटारी भरायला शिकलो, स्टेलाशी लग्न झालं, कृपा झाली, ती आता पुण्यात नोकरीला आहे. माणसाला वाटतं, झालं, पाणी पुलाखालनं गेलं. एकवीस सालच्या एप्रिलात मला ऑक्सिजनवर ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी स्टेला दवाखान्याच्या फाटकाशी आली आणि यशया त्रिभुवन कसे आहेत म्हणून विचारायला लागली. आतनं सांगितलं, या नावाचा पेशंट नाही. त्या दिवसांत पेशंट नाही म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. ती बाई चार तास फाटकाला धरून उभी होती. शेवटी एका ओळखीच्या वॉर्डबॉयनं मला पलंगावर ओळखलं. झालं होतं असं की मला हलवताना कागद गहाळ झाले, नर्सनं नाव विचारलं आणि तापात मी सांगितलं, रॉबिन. कागदावर रॉबिनच लिहिलेलं होतं. घरी आल्यावर मी स्टेलाला सगळं सांगितलं. पाटाचंसुद्धा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला पोरांच्या चुका ऐकायची सवय आहे. सगळं ऐकून म्हणाली, "अहो, मग त्या बाईला लिहा की. कुणीतरी रडू दे त्या पोरासाठी तिकडं." मला वाटलं होतं ती म्हणेल, लहान होता तुम्ही, जाऊ द्या. तसं ती म्हणाली नाही आणि बरं झालं.

लिहायचं तर तिच्या भाषेत लिहायचं, हे मी ठरवलं. स्टेला म्हणाली, "मोबाईलवर टाका, क्षणात इटालियन होऊन येतंय." मी नाही म्हटलं. सहा वर्षं मी न कळणारे शब्द उतरवून तिला फसवलं, आता खरंही न कळणाऱ्या शब्दांत सांगायचं का? कापड बाजाराजवळच्या रद्दीवाल्याकडे मला एक फाटकं पुस्तक मिळालं, कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत, नुसते क्रियापदांचे तक्ते. नियमित क्रियापदांची तीनच घराणी: आरे, एरे, इरे. एक शिकलं की त्या घराण्यातली हजार येतात. मला ते फार आवडलं. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, की एक नीट केलं म्हणून बाकीचं आपोआप नीट व्हावं. दुकानात तार गुंडाळता गुंडाळता मी पाठ करायला लागलो. स्टेला डबा घेऊन यायची तेव्हा दारातनं ऐकायची, आमो, आमी, आमा, आणि म्हणायची, "आमी न्हाई हो, तुमीच." चौदा तक्त्यांतले शेवटचे दोन-चार तक्ते तर मी अडखळत अडखळत शिकलो. भीती, शंका आणि इच्छा यांच्यासाठी तिथं क्रियापदाची रूपं वेगळी असतात. आणि एक आख्खा तक्ता फक्त न घडलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला असतो, केलं असतं, थांबलो असतो, ओरडलो असतो. तो तक्ता आला की माझा हात हळू चालतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी काम निगुतीनं करतोय.

आज्ञेची रूपं मात्र त्या चौऱ्याऐंशीत बसत नाहीत. ती पाचच असतात, तक्त्याच्या खाली वेगळी छापलेली. उडी मारणे हे ‘आरे’ घराण्यातलं, एकदम सरळ, साल्ता म्हटलं की झालं, मार उडी. मरणे मात्र नियमात बसत नाही. ते पुस्तकात शेवटी, वाह्यात पोरांच्या रांगेत, वेगळं बसवलेलं आहे. मराठीत तरी कुठं बसतं? मरतो, मरेल इथपर्यंत ठीक, मग एकदम मेला. इटालियनमध्ये तो मेला याला ‘मोरी’ म्हणतात. आमच्याकडे मोरीत भांडी घासतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग दिवसभर मोरीकडे जायला नको वाटलं. चार वर्षांनी, गेल्या फेब्रुवारीत, मी तीन पानी पत्र लिहिलं. हातानं, रेघांच्या कागदावर. रॉबिन मेला, नोव्हेंबर एकोणनव्वद, पाण्यात. मी त्याला उडी मार म्हणालो. स्वेटर मी घातला. तू माझ्यासाठी लावलेली मेणबत्ती त्याची होती. माझं नाव यशया आहे. खाली मोबाईल नंबर. जुन्या पाकिटावरचा पत्ता मला तोंडपाठ होता. हेड पोस्टातल्या बाईनं पाकिटाचं वजन केलं आणि मला वाटलं, ही आता म्हणेल, फार जड आहे, जाणार नाही. तिनं शिक्का मारून टोपलीत टाकलं.

मला त्या पत्रातनं काय हवं होतं ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आज काम सोडून दोन तास नुसती तार धरून बसल्यावर कळलं. मला क्षमा वगैरे नको होती. क्षमा आमच्यात शनिवारी संध्याकाळी पाप कबूल केलं की जाळीपलीकडच्या फादरांकडनं मिळते, तीन ‘नमो मरिया’ म्हणायच्या की मोकळं. मला एवढंच हवं होतं, की तिनं एकदा, शुद्धीवर, मला यशया म्हणावं. शिवी द्यायला म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यासाठी चार वर्षं. रोज आठ-आठ, दहा-दहा कॉईली, प्रत्येकीत एक आख्खं क्रियापद. नगर जिल्ह्यातल्या किती विहिरींवर माझ्या मोटारी चालतायत, त्यांच्या पोटात मी भीती, आशा, प्रेम, जाणं, झोपणं असलं काय काय भरून ठेवलंय. आणि ही बाई आता आपल्या नातीला ओळखत नाही.

चारला स्टेला आली. थर्मासमध्ये चहा होता, कानिफनाथला दिला, मला दिला. मी मेसेज वाचून दाखवला. ती खाली पोत्यावर बसली. "काय करणार?" "सांगनार." "अहो, त्र्याण्णव वर्षांची बाई ती. तिला आता काय कळणारे?" "तूच म्हणाली होतीस, कुणीतरी रडू दे." ती पोत्यावरनं उठली. मग माझ्या शर्टाच्या कॉलरवरचा वार्निशचा डाग नखानं खरवडायला लागली, जणू मी परीक्षेला चाललोय. बाहेरून कानिफनाथ म्हणाला, "मिस्तरी, रात्री धाला लाईट येतीय आमच्याकडं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं करू नगा." मी म्हटलं, "धा मिंटं थांबा. लांबचा फोन हाय."

साडेचारला फोन आला. पडद्यावर एक चष्मेवाली मुलगी, कृपाच्याच वयाची. मला बघून ती जरा थबकली. तिनं फोटोतला पोरगा बघितलेला आणि इथं पिकल्या दाढीचा माणूस. ती हळूहळू बोलत होती, माझ्यासाठी. मग तिनं फोन फिरवला. खिडकी, खिडकीत डोंगर नव्हता, एक भिंत होती. खुर्चीत एक अगदी लहान झालेली बाई, केस कापलेले, गुडघ्यावर चौकोनी पांघरूण. तिच्या मागं टेबलावर मी होतो, अकरा वर्षांचा, खाली बघणारा. मार्ता म्हणाली, आजी, भारतातून फोन आहे. बाईनं पडद्याकडे बघितलं. "रॉबिन?" हा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. फादरांच्या आवाजात मी तिची पत्रं ऐकली होती, तिला मी मनात फादरांचाच घोगरा आवाज दिला होता. हा पातळ होता, पोरीसारखा.

मी उभा राहिलो. वाक्यं तयार होती. मी रॉबिन नाही, मी यशया. रॉबिन मेला. मी त्याला उडी मार म्हणालो. एकही रूप चुकलं नाही. ती ऐकत होती आणि तिच्या ओठांभोवतीची कातडी थरथरायला लागली. कळलं तिला. मला शपथेवर सांगता येईल, तिला सगळं कळलं. तिनं विचारलं, कधी? मी म्हटलं, छत्तीस वर्षं झाली. ती म्हणाली, आणि मला कुणी सांगितलं नाही? मग म्हणाली, त्याला थंडी वाजली का? स्वेटर नव्हता का त्याच्या अंगात? मला सांगायचं होतं की स्वेटर नंतर आला, पण ते माझ्या तोंडातनं निघेना. आणि ती रडायला लागली. तोंड उघडं टाकून, मोठ्यानं, आमच्याकडे टेम्पो दारात आल्यावर बाया रडतात तशी. मार्तानं तिचं डोकं छातीशी धरलं. सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी बरं वाटलं. छत्तीस वर्षांनी त्याच्यासाठी कुणीतरी माझ्यासमोर रडत होतं आणि ते मी आणलं होतं, माझ्या शब्दांनी. मी वाट बघत होतो. आता ती डोळे पुसेल आणि विचारेल, आणि तू कोण?

तिनं पांघरुणाच्या टोकानं डोळे पुसले. खिडकीतल्या भिंतीकडे बघितलं. एखादं मिनिट गेलं असेल. मग तिची नजर फिरून पडद्यावर आली आणि तिचा सगळा चेहरा उजळला, दिवा लावल्यासारखा. "रॉबिन!" ती म्हणाली. "जेवतोस ना? अभ्यास करतोस?"

 मार्ता माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मी पुन्हा सांगू शकत होतो. व्याकरणाची काही अडचण नव्हती. दहादा सांगितलं असतं तर ती दहादा रडली असती, आणि दहादा तो नव्यानं मेला असता, दर वेळी माझ्याच तोंडानं. मार उडी. मागं स्टेलाची बांगडी वाजली. मी ऐकलं, माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणत होतं, इओ स्तो बेने, मम्मा. इओ स्तुदियो. इओ जोको. इओ प्रेगो पेर ते. फळ्यावर होतं तसंच, त्याच क्रमानं, अकरा वर्षांच्या पोराच्या भाषेत. चार वर्षांत शिकलेलं त्यात काहीच लागलं नाही. ती मान डोलवत होती. स्वेटर बसतो का रे? बसतो, मम्मा. आता लहान झाला असेल, ती म्हणाली, मी नवा विणते. आणि तिनं रिकाम्या हातांनी दोन सुया धरल्यासारखं करून मला दाखवलं.

शेवटी मार्तानं फोन स्वतःकडे घेतला. म्हणाली, कित्येक महिन्यांत ती एवढी हसली नव्हती. दर रविवारी कराल? मी हो म्हटलं. ती आभार मानायला लागली, आणि तिला माझं नाव घ्यायचं होतं, मला ते दिसलं, पण आजी शेजारीच होती. ती म्हणाली, "ग्रात्सिए, रॉबिन."

स्टेलानं विचारलं, "सांगितलंत?" "सांगितलं." "मग?" "रडली. मग विसरली." तिनं कप गोळा केले. मग थर्मासचं झाकण लावून म्हणाली, "मी जाते, कणीक मळायचीय." बाहेरून कानिफनाथनं विचारलं, "आई का तुमची तिकडं?" मी म्हटलं, "व्हय." "म्हातारी हाय?" "लई." "नशीबवान हात," तो म्हणाला. "मानूस कवाबी नांव घेऊन हाक मारनारं पायजे."

आता दर रविवारी साडेचारला रॉबिन जेवणार आहे, अभ्यास करणार आहे, खेळणार आहे. एक दिवस मार्ताचा मेसेज येईल की ती गेली. मग रॉबिनचं काम संपेल आणि तोही जाईल, आणि ते कळवायला या वेळी मला जगात एकही पत्ता नसेल. मी यंत्रासमोर बसलो. तारेवर अंगठा टेकवला तिथं तांब्याचा वळ उठला होता. एकावन्न होते की पन्नास, ते शोधण्यात अर्थ नव्हता. हँडल उलटं फिरवलं, सगळी तार सोडवून घेतली, टोक पुन्हा कॉईलच्या फर्म्यात अडकवलं आणि सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. चौऱ्याऐंशीपर्यंत मराठीतच मोजलं. सात वाजता कानिफनाथची मोटार टेम्पोत चढवली. त्यानं विचारलं, "चालंल ना नीट?" मी म्हटलं, "चालंल."